गेजची दोन टोकं

अंबडच्या कंपनीत मी
दिवसाला अकराशे भोकं तपासते.
हसू नका, कामच ते आहे.
पितळी बुश उचलायचा, गेज घालायचा.
एक टोक आत गेलं पाहिजे,
दुसरं, लाल पट्टीचं, अडलं पाहिजे.
दोन्ही गेली तर भंगार,
दोन्ही अडली तर परत मशीनवर.
बारा वर्षं झाली.
आता गेज लावायच्या आधीच बोटांना कळतं.

पण बी.कॉम.चा फॉर्म मोबाइलवर उघडला
आणि बोटांना काहीच कळेना.

फी बघितली. परत बघितली.
वाटलं, साइटनं एखादं शून्य गिळलंय.
एवढ्यात तर माझ्या नणंदेच्या मुलाचा
खासगी कॉलेजातला नुसता ब्लेझर आला होता.
स्वस्त दिसलं की हात आधी मागे येतो.
मेनरोडला साडी घेतानाही
मी पदर दुकानाबाहेर नेऊन उन्हात धरते.
आता विद्यापीठ कुठल्या उन्हात धरू?

दिनकर भावजी म्हणाले, घरबसल्या पदवी?
मग शेजारच्या मांजरालाही मिळेल.
रुख्साना डबा खाता खाता म्हणाली,
मी केलं ना? बघ माझ्याकडे.
मिशा दिसतात का कुठे?
दोघांचं ऐकून घेतलं.
भावजींचा मुलगा वर्गात बसून शिकतो,
त्याला मित्र आहेत, कँटीन आहे,
सकाळी दहा वाजता रिकामं डोकं आहे.
रुख्सानाला रात्री झोप येत नाही.
मला येते. पुस्तक उघडलं की लगेच येते.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

शनिवारी कंपनीला सुट्टी.
स्कूटी काढली, गंगापूर रोडनं निघाले.
सोमेश्वर गेलं, लग्नाची लॉन्स संपली,
धरणाकडचा वारा ओढणीत शिरला
आणि गेट आलं. बंद.
शनिवार त्यांचाही होता, हे मेलं सुचलंच नाही.
गजांतून पाहिलं:
लांबलचक रस्ता, झाडं, एक पिवळी बस,
आणि कुणीच नाही.
असंच असणार का माझं कॉलेज,
कुणीच नसलेलं?

चौकीतला वॉचमन, पन्नाशीचा, छातीवर निरगुडे,
पुस्तकात पेन्सिल ठेवून उठला.
काय बाई, ॲडमिशन? सोमवारी या.
सोमवारी पहिली पाळी असते, म्हटलं.
तुम्ही काय वाचताय?
तो जरा लाजला. कॉस्टिंग.
सगळे विषय सुटले, एवढाच राहिलाय.
तिसऱ्यांदा देतोय. मागच्या वेळी तीन मार्कांनी गेला.

म्हणजे इथे नापास करतात?

करतात की, तो म्हणाला, रोज गेट उघडून देतो मी,
तरी तीन मार्क सोडले नाहीत.

मला इतकं हसू आलं,
त्याला बिचाऱ्याला वाईट वाटलं असणार.
दुसऱ्याच्या नापास होण्यावर कुणी असं खूश होऊ नये.
पण मला त्याचं गेट दिसत नव्हतं तेव्हा,
लाल पट्टी दिसत होती.

परतताना सिग्नलला उभी असताना कळलं
की मी आठवडाभर एकच टोक लावत होते:
पैसे बसतात का, वेळ बसतो का,
घर, पाळी, पोराची शाळा बसते का.
बसत होतं सगळं,
म्हणूनच तर धास्ती वाटत होती.

रात्री फॉर्म तिसऱ्या पानापर्यंत नेला.
झोपेचा प्रश्न तसाच आहे.
वर्गाचाही. बाकावर शेजारी बसून
पेन मागणारी कुणी असती तर बरं वाटलं असतं,
ते काही या फीमध्ये मिळणार नाही.
पुढे बारावीचा दाखला मागितला.
तो निफाडला, माहेरी, आईच्या पत्र्याच्या पेटीत.

फोन लावला.
आई म्हणाली, आता कशाला गं तो तुला?
म्हटलं, तू आधी शोध तर.